चिखलदऱ्याहून परतवाड्याला दीड मिनिटात: महिलांची डाउनहिल स्की शर्यत नेमकी असते तरी काय?

८ फेब्रुवारी २०२६ला इटलीतल्या कोर्तिना गावी हिवाळी ऑलिंपिकमधली महिलांची डाउनहिल शर्यत झाली. अमेरिकेची ४१ वर्षांची लिंडसे वॉन निघाल्यावर तेराव्या सेकंदालाच पडली आणि तिला डोंगरावरून हेलिकॉप्टरनं न्यावं लागलं. तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिला असेल. तिच्याच देशाच्या ब्रीझी जॉन्सननं ती शर्यत जिंकली, तीही अवघ्या ०.०४ सेकंदानं. जर्मनीची एमा आयकर दुसरी आली.

ज्यांनी गारपिटीपलीकडे आभाळातून पडलेला बर्फ कधी पाहिला नाही, त्यांना यातलं काहीच कळू नये हे साहजिक आहे. उतारावरून घसरत यायचं, त्यात कौशल्य ते काय? ०.०४ सेकंद म्हणजे कितीसा फरक? आणि इतकं जीवघेणं असेल तर बाया हे करतात तरी कशाला? एकेक प्रश्न घेऊ.

## आधी उंचीचा अंदाज

आपल्याकडची खूण घ्या. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या थोडं वर आहे आणि परतवाडा पावणेचारशेच्या आसपास. म्हणजे घाट उतरताना एसटी साधारण सातशे-साडेसातशे मीटर खाली येते. वळणं घेत, ब्रेक दाबत, तासभर लावून.

कोर्तिनाच्या महिलांच्या शर्यतीतही खेळाडू जवळपास तेवढीच उंची उतरते. फरक एवढाच की तिची वाट जेमतेम अडीच किलोमीटरची असते आणि वेळ दीड मिनिटाच्या थोडा वर. सरासरी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात, आणि काही टप्प्यांवर १२० ते १३०. भोवती गाडीचा पत्रा नाही, ब्रेक नाही. पायाला बांधलेल्या दोन लांब फळ्या, ज्यांना स्की म्हणतात, हातात दोन काठ्या आणि अंगाला चिकटलेला पातळ सूट.

डोंगरउतारावरच्या स्की शर्यतींचे चार मुख्य प्रकार आहेत. स्लॅलममध्ये खांब अगदी जवळजवळ रोवलेले असतात आणि भराभर वळावं लागतं. जायंट स्लॅलममध्ये ते अंतर वाढतं, सुपर-जीमध्ये आणखी वाढतं. डाउनहिल सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत वेगवान. ठरावीक अंतरावर दोन खांबांची फाटकं असतात, त्यांना गेट म्हणतात. प्रत्येक गेटमधून दोन्ही पाय गेलेच पाहिजेत. एक चुकलं की बाद.

स्लॅलमला दोन फेऱ्यांची बेरीज होते. डाउनहिलला एकच फेरी. चूक भरून काढायला दुसरी संधी नाही.

## पट पाहिला असेल तर हे समजेल

ज्या शंकरपटात बैलांची एकेक जोडी घड्याळाविरुद्ध सुटते, तो डोळ्यांसमोर आणा. शेजारी दुसरी जोडी नसते. धुरकऱ्याला माहीत नसतं की आपण पुढे आहोत की मागे. झेंडा पडतो, जोडी सुटते आणि निकाल सेकंदाच्या अपूर्णांकात लागतो. डाउनहिल तशीच. एक खेळाडू सुटते, ठरलेल्या अंतरानं दुसरी सुटते, आणि लढत फक्त घड्याळाशी.

सुरुवातीच्या टपरीत खेळाडूच्या नडगीसमोर एक आडवी पट्टी असते. नडगीनं ती ढकलली की घड्याळ सुरू होतं, खाली प्रकाशकिरण तुटला की थांबतं. ठरलेल्या वेळेच्या पाच सेकंद आधी किंवा पाच सेकंद नंतरपर्यंत निघायची मुभा असते. त्या बाहेर गेलं तर बाद.

आता ०.०४ सेकंदाचं पाहू. ताशी शंभरच्या वेगानं माणूस एका सेकंदात जवळपास २८ मीटर जातो. ०.०४ सेकंदात एक मीटरभर, म्हणजे अडीच हात. अडीच किलोमीटरच्या वाटेवर अडीच हातांनी ऑलिंपिकचं सुवर्ण ठरलं.

२०१४ साली रशियातल्या सोची ऑलिंपिकमध्ये तेवढाही फरक उरला नाही. स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन, दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद. नियमानं वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच मोजतात, म्हणून दोघींना सुवर्ण दिलं.

## घसरायला कौशल्य कशाला?

या खेळाचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

वर उभी असताना खेळाडूजवळ एकच भांडवल असतं: उंची. धरणातल्या पाण्यासारखं. पाणी खाली येणारच, त्यासाठी कोणी जोर लावत नाही. पण पाट फुटका असेल तर शेवटच्या शेतापर्यंत किती पोचतं? वरचा झिरपा, मधली गळती, फुटलेला बांध. टोकाच्या शेतकऱ्याला विचारा.

साडेसातशे मीटर उंचीवरून वाटेत काहीच आडवं आलं नसतं, तर खाली पोचताना वेग ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या वर गेला असता. साधा शाळेतला हिशेब आहे. प्रत्यक्षात तो १२०-१३० असतो. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे याचा अर्थ असा की उंचीतून मिळालेल्या शंभर रुपयांपैकी नव्वदच्या वर रुपये वाटेतच जातात. काही हवेला, काही बर्फाला, काही वळणांना. वेग सगळ्यांना फुकट मिळतो. जिंकते ती, जी तो सगळ्यांत कमी गमावते.

हवेची गळती सगळ्यांत मोठी. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून खेळाडू गुडघे वाकवून, पाठ आडवी करून, हात तोंडापुढे जोडून अंड्यासारखी बसते. या बैठकीला टक म्हणतात. मोटारसायकलवर उलट्या वाऱ्यात आपण टाकीवर वाकतो, तेच. तिच्या काठ्या कमरेभोवती वळतील अशा वाकवलेल्या असतात, त्याचं कारणही हवाच. टकमध्ये बसून मांड्या पेटतात, आणि शेवटच्या वीस सेकंदांत कोणाची पाठ उचलली जाते त्यावरून पुष्कळदा निकाल ठरतो.

दुसरी गळती बर्फाची. तिसरी वळणांची, आणि खरी कारागिरी तिथंच आहे.

## एक वळण जवळून

डाउनहिलची स्की महिलांसाठी साधारण २१० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे खेळाडूपेक्षा हातभर उंच. पायाखाली रुंदी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. आत लाकूड, वरखाली धातूचे थर, तळाला गुळगुळीत प्लास्टिक आणि दोन्ही कडांना पोलादी धार. ही धार विळ्यासारखी घासून ठेवतात. स्की किंचित कमनीय असते, मधे बारीक, टोकांना रुंद. कुशीवर कलवली की तिच्या कडेचा कंस बर्फात रुततो आणि ती आपोआप वळते. तो कंस ५० मीटर त्रिज्येपेक्षा लहान नसावा असा नियम आहे, म्हणजे फार तीव्र वळण घेता येऊ नये आणि गुडघे वाचावेत.

आता ती ताशी शंभरनं येते आहे. पुढे डावं वळण. गेट दिसल्यावर वळायला लागली तर उशीर झाला, कारण डोळ्यांनी पाहून पायांनी ऐकेपर्यंत ती दहा-पंधरा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून वळण गेटच्या वरच सुरू करावं लागतं. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या पायावर. पन्नास मीटरच्या कंसात त्या वेगानं वळताना शरीरावर वजनाच्या जवळपास पावणेदोन-दोनपट भार येतो. सत्तर किलोची खेळाडू असेल तर एका पायावर सव्वाशे किलोहून जास्त, तेही गुडघा वाकलेला आणि खाली बर्फ खडबडीत.

धार बर्फ कापत गेली तर मागे पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक रेष उमटते. वेग टिकला. धार सुटून स्की आडवी घसरली तर मागे बर्फाचा फवारा उडतो. टीव्हीवर तो फवारा छान दिसतो खरा, पण तो उडालेला वेग आहे. फवारा दिसला की समजा, पाट फुटला.

शिवाय नुकसान तिथंच संपत नाही. वळणानंतर सपाटी असेल तर कमी झालेला वेग पूर्ण सपाटीभर सोबत राहतो. म्हणून जाणकार प्रशिक्षक सपाटीच्या आधीच्या वळणाला सगळ्यांत जास्त जपतात.

उडीचंही असंच. हवेत असताना धार कशालाच लागत नाही, दिशा बदलता येत नाही. एक सेकंद हवेत म्हणजे २८ मीटर नुसतं अधांतरी. उंच उडालं तर वेळ जातो आणि आदळणंही जोरात. म्हणून उंचवटा यायच्या आधीच पाय पोटाशी घेऊन उडी दाबून टाकतात. उलट, उतार संपून एकदम खोलगट येतं तिथं रपट्यावर भरधाव मोटारसायकल उतरल्यावर शॉकअप बसतात तसं होतं. तिथं शॉकअपचं काम मांड्यांना करावं लागतं.

## बर्फ पडलेला नसतो, तयार केलेला असतो

अनेकांना वाटतं मऊ, भुसभुशीत बर्फावर शर्यत होते. नाही. पावसाळ्यातली पांदण आठवा. पहिला ट्रॅक्टर निघून जातो, त्याच्या चाकोऱ्यांत दुसरा डुगडुगतो, पाचवा फसतो. मऊ बर्फावर तेच होईल. पहिल्या पाच जणींना चांगली वाट आणि पुढच्यांना खड्डे, हा न्याय नाही.

म्हणून वाट दगडासारखी करतात. गोठणबिंदूखालच्या हवेत स्प्रिंकलरसारख्या यंत्रांनी पाण्याचे बारीक तुषार उडवतात, ते खाली पडेपर्यंत गोठतात. त्यावर जड यंत्रं फिरवून दाबतात. मग छिद्रांच्या नळ्यांनी बर्फाच्या पोटात दाबानं पाणी सोडतात आणि रात्रभर गोठू देतात. सकाळी त्या पृष्ठावर साध्या बुटानं उभंही राहता येत नाही. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकची स्कीची वाट जवळपास पूर्णपणे अशा यंत्राच्या बर्फाची होती.

वाटेवर निळ्या रंगाच्या रेषा मारलेल्या दिसतात. ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरं, सावली पडत नाही आणि उंचवटा डोळ्यांना कळत नाही. त्या रेषेवरून जमिनीचा अंदाज येतो.

इतकं करूनही सगळ्यांना वाट सारखी मिळत नाही. ऊन चढलं की वरचा थर ओला होतो, वारा मध्येच उलटा सुटतो. नशीब अजिबात नसतं असं कोणी म्हणू नये.

## तळाचं वंगण

स्कीखाली घासून अगदी पातळ पाण्याचा थर तयार होतो, त्यावर ती घसरते. पाणी कमी पडलं तर कोरडं घासतं, जास्त झालं तर तळ चिकटतो. म्हणून तळावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेषा कोरतात, जादा पाणी निघून जायला. कपाशीत सरी काढतो त्याच हिशेबानं. ओल्या बर्फाला ठळक रेषा, कोरड्या थंडीला बारीक. वर त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे मेण चढवतात. फ्लोरिनयुक्त मेण सगळ्यांत निसरडं होतं, पण ती रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं मोडत नाहीत, म्हणून २०२३-२४च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्याच्यावर बंदी आहे.

हे काम करणारा माणूस टीव्हीवर दिसत नाही. तरी सपाट टप्प्यावर एखादी खेळाडू काहीही न करता मागे पडत गेली, तर कारण बहुधा तिच्या पायांत नसून तळात असतं.

## मग जड बाई आपोआप जिंकेल?

हा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर अर्धं हो आहे. वजन वाढलं तर खाली ओढणारं बळ त्याच प्रमाणात वाढतं, पण हवेचा अडथळा तेवढा वाढत नाही. त्यामुळे सरळ उतारावर जड खेळाडूला थोडा फायदा होतो आणि डाउनहिलवाल्या स्लॅलमवाल्यांपेक्षा साधारणपणे धिप्पाड असतात. मात्र वळणावर तेच वजन एका पायावर पेलावं लागतं. नुसतं वजन तिथं गेटच्या बाहेर नेऊन टाकतं. उपयोगी पडतं ते मांड्या, कंबर आणि पोटाचे स्नायू.

## बायकांची शर्यत म्हणजे सोपी शर्यत?

नियमात फरक आहे. मोठ्या स्पर्धांत पुरुषांना वरून खाली साधारण ८०० ते ११०० मीटर उंची उतरावी लागते, महिलांना ४५० ते ८००. पुरुषांची स्की २१८ सेंटिमीटर, महिलांची २१०. पण कंसाची ५० मीटरची अट दोघांना एकच, बर्फ तोच, आणि कोर्तिनाला वरच्या बाजूला दोन कड्यांच्या मधून जी घळ खाली जाते तिचा उतार ६५ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पासष्ट मीटर खाली. तिथं उभं राहून खाली पाहिलं तर पायाखालची जमीनच दिसेनाशी होते.

वॉननं पुरुषांच्या शर्यतीत धावू द्या म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेकडे परवानगी मागितली होती. मिळाली नाही. तिनं २०१८पर्यंत वर्ल्ड कपच्या, म्हणजे दर हिवाळ्यात होणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतल्या, ४३ डाउनहिल जिंकल्या होत्या. तिच्या आधी ऑस्ट्रियाच्या आनेमारी मोझर-प्रोलच्या नावावर ३६ होत्या, आणि त्यातल्या अकरा १९७२ ते १९७४मध्ये ओळीनं. ऑलिंपिकमध्ये महिलांची स्वतंत्र डाउनहिल आली १९४८ला, सेंट मॉरिट्झमध्ये, आणि स्वित्झर्लंडच्या हेडी श्लुनेगरनं ती जिंकली. खेळ बायकांसाठी नवा नाही.

## पडतात कशा, आणि त्यावर उपाय काय

पडण्याची कारणं थोडीच आहेत. वजन टाचांवर गेलं की स्कीची टोकं उचलली जातात आणि वळवता येत नाहीत. आतला पाय जास्त भार घेतो आणि बाहेरची धार सुटते. उडीनंतर मागे झुकून उतरलं की बुटाची मागची कड पोटरीला ढकलते आणि गुडघ्यातला तिरपा स्नायुबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो ताणून तुटतो. किंवा हात गेटच्या पट्टीत अडकतो. कोर्तिनात वॉनचं हेच झालं. आठवडाभर आधी तिच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल फाटला होता, त्यामुळे लोकांनी गुडघ्याला दोष दिला. तिनं स्वतः मात्र सांगितलं की पडण्याशी त्याचा संबंध नव्हता, उजवा हात गेटमध्ये अडकला. ताशी शंभरला बोटभर जास्त जवळून जाणं आणि अडकणं यात वेळच उरत नाही.

बूट स्कीला जोडणाऱ्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. ठरावीक जोर आला की तो सुटतो. पण डाउनहिलच्या खडखडाटात मध्येच सुटू नये म्हणून तो फार घट्ट ठेवावा लागतो. त्यानं नडगीचं हाड पुष्कळ वाचतं, गुडघ्याचा स्नायुबंध फारसा वाचत नाही. या खेळाची ही अजून न सुटलेली अडचण आहे.

२९ जानेवारी १९९४ला जर्मनीतल्या गार्मिशच्या डाउनहिलमध्ये ऑस्ट्रियाची उलरिके मायर मान मोडून गेली. दोनदा सुपर-जीची जगज्जेती होती ती. अशा प्रसंगांमुळे वाटेच्या कडेला आज जाळ्यांच्या रांगा दिसतात: धोक्याच्या ठिकाणी कायमच्या उंच जाळ्या आणि इतरत्र एकामागे एक दोन-तीन ओळी, म्हणजे पहिलीनं वेग खाल्ला तर दुसरी थांबवते. २०२४-२५पासून डाउनहिल आणि सुपर-जीला सूटच्या आत एअरबॅग सक्तीची केली. तोल गेल्याचं ओळखून ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि छाती, खांदे, पाठ सांभाळते.

शर्यतीआधी अधिकृत सराव फेरी व्हावीच लागते. त्याआधी खेळाडू कडेकडेनं हळू घसरत सगळी वाट पाहतात आणि पाठ करतात. वर टपरीमागे त्या डोळे मिटून उभ्या दिसतात, तळहात हवेत डावी-उजवीकडे कलत असतो. ती मनातली फेरी असते, गेटमागून गेट.

## टीव्हीवर काय पाहायचं

वाटेत तीन-चार ठिकाणी वेळ मोजतात. पडद्यावर हिरवा आकडा आला तर त्या ठिकाणापर्यंत ती आघाडीवरच्या खेळाडूपेक्षा पुढे, लाल आला तर मागे. एका टप्प्यात हिरव्याचा लाल झाला तर तो टप्पा पुन्हा दाखवतात तेव्हा बर्फाचा फवारा शोधा. बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

## आपल्या देशातल्या मुली?

शैलजा कुमार १९८८ला कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम धावल्या. हिवाळी ऑलिंपिकला गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. नेहा आहुजा २००६ला तुरिनला गेल्या. मनालीकडच्या आंचल ठाकूरनं जानेवारी २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत स्लॅलमचं कांस्य जिंकलं, स्कीमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून ते गाजलं. ओळखीची ही नावं स्लॅलमच्या बाजूची असण्याला कारण आहे. स्लॅलमचा सराव दीड-दोनशे मीटरच्या उतारावर होतो. डाउनहिलला किलोमीटर-दोन किलोमीटरची बंद वाट लागते, रात्रभर गोठवलेली. दोन्ही कडांना जाळ्या लागतात, खाली डॉक्टर आणि वर हेलिकॉप्टर, आणि हे सगळं एका शर्यतीपुरतं नव्हे तर सरावाच्या प्रत्येक दिवशी. गुलमर्गला गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, जवळपास चार हजार मीटरपर्यंत जातो. उंची आहे, बर्फही पडतो. जाळ्या लावायच्या राहिल्या आहेत.